भानुदास अस्वलाचा फुकटचा गेम

एका जंगलात, बाळांनो, कॉम्प्युटर येऊन पोहोचले होते. अक्कल तेवढी यायची बाकी होती.

तिथे भानुदास नावाचं एक थोराड अस्वल राहत असे. त्याला गेमचं भारी वेड. खोपे विणणाऱ्या सुगरणीने खपून 'मधाचा डोंगर' नावाचा नवा गेम बनवला, तेव्हा तर त्याची झोपच उडाली. गेम ऑनलाइन दुकानात मिळे. टोपलीभर जांभळं दिली, की दुकान परवाना देई आणि गेम सुरू होई.

"जांभळं? आणि मी देऊ?" भानुदास म्हणाला. "विकत घ्यायला मी काय गाढव आहे?"

गाढवाने तो विकतच घेतला होता. ते आपलं मुकाट्याने खेळत बसलं होतं.

मग भानुदासला तरस भेटलं. त्याच्याकडे परवान्याचं कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर होतं.

"फुकट?" भानुदासने विचारलं.

"अरे, जनसेवा आहे ही! फक्त तुझा अँटिव्हायरस बंद कर. उगाच आरडाओरडा करतो मेला. आणि विचारेल तिथे 'हो' म्हणत जा."

भानुदास 'हो' म्हणत गेला. काय विचारलंय ते वाचायला सवड कोणाला होती?

गेम सुरू झाला. भानुदास इतका खूश झाला, की गाढवाच्या दारात जाऊन खदाखदा हसून आला.

काही दिवसांनी स्क्रीन काळी पडली. तिच्यावर एकच मजकूर होता : 'तुझ्या फाइली आम्ही कुलुपात घातल्या आहेत. परत हव्या असतील तर सगळा मध आणून दे.'

त्या फाइलींत भानुदासच्या वारलेल्या आईचं अंगाईगीत होतं. तिच्याच आवाजातलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

तो धावत तरसाकडे गेला. "माझ्या आईचा आवाज गेला रे!"

"फुकटच्या मालाची तक्रार करतोस?" तरस म्हणालं. "काही लाजबीज?"

मग तो सुगरणीकडे गेला. "तुझ्या गेमने माझा घात केला!"

"माझा गेम?" सुगरण म्हणाली. "तू तो घेतलास कधी?"

भानुदास गुहेत येऊन ढसाढसा रडला. तेवढ्यात दारात साळिंदर आलं.

"भानुदासदादा, तरसाचं ते सॉफ्टवेअर तुम्ही वापरता ना? कसं आहे? मीही घेऊ का?"

भानुदासने डोळे पुसले. सगळ्या जंगलात आपण एकट्यानेच मूर्ख ठरायचं?

"झकास आहे!" तो म्हणाला. "डोळे मिटून घे."

तात्पर्य : बाळांनो, घर लुटायला येणाऱ्याची गैरसोय करू नये. कुत्रा आपणच बांधून ठेवावा, दार आपणच उघडावं, आणि सगळं गेलं की शेजाऱ्याला त्याच चोराचा पत्ता द्यावा. शेजारधर्म म्हणतात तो हाच.