लांबकान्याचं पुडकं

"या वर्षी रूबेनचा विक्रम मोडला नाही, तर गळ कायमचा खुंटीला टांगीन," विल्फ अ‍ॅटवुलने ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मासेमारी क्लबात सगळ्यांदेखत जाहीर केलं. हेच वाक्य तो एकोणीस वर्षं म्हणत आला होता. खुंटी अजून रिकामीच होती.

रूबेन म्हणजे त्याचा मेहुणा, बायको हेस्टरचा थोरला भाऊ. क्लबच्या भिंतीवरच्या फळीवर त्याचं नाव रंगवलेलं होतं: ट्रिगरफिश, किनाऱ्यावरून धरलेला, चार पौंड एक औंस. हा मासा पोर्टलंड बेटाच्या खडकांपाशी उन्हाळा सरता सरता येतो आणि पाणी गारठलं की संपतो. मिळतात ते जेमतेम आठ आठवडे. विल्फ धंद्याने पाथरवट. थडग्यांवर नावं कोरून कोरून हाताला चिकाटी भरपूर आलेली, पण फळीवर काही त्याचं नाव येत नव्हतं.

"मी मेल्यावर मोड," रूबेन म्हणाला. "तोवर माझ्या माशाला हात लावशील तर बघ."

सगळे हसले. रूबेनही हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला काही थांबेना. चाळीस वर्षं खाणीतली धूळ खाल्लेली फुप्फुसं ती. सप्टेंबरात त्याने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन आठवडे.

नेमका त्याच आठवड्यात विल्फला मासा लागला.

ट्रिगरफिशचं एक असतं. गळाला लागला की तो खडकाच्या फटीत घुसतो, पाठीवरचा काटा ताठ उभा करतो आणि आतून कडी घातल्यासारखा बसून राहतो. ओढलं की दोरी तुटते. तेव्हा दोरी सैल सोडायची आणि त्याला कंटाळा येईपर्यंत वाट बघायची. विल्फ वीस मिनिटं वाट बघत बसला. मग काटा पडला आणि मासा मुकाट वर आला. घरच्या तराजूवर भरला चार पौंड सहा औंस. विल्फने तीनदा तोलला. तिसऱ्यांदा त्याचे डोळे भरून आले. हे तो कुणाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

क्लबचा नियम सोपा: मासा टेबलावर, तर नाव फळीवर. गोठवलेला मासा चालतो, नुसता फोटो चालत नाही. क्लब पाच मिनिटांवर होता. पण रूबेनच्या उशाशी त्या फळीचा फोटो लावलेला होता, आणि मरायला टेकलेल्या माणसाच्या हातून तेवढं एक काढून घ्यायचं विल्फच्या जिवावर आलं. दोन आठवड्यांचा तर प्रश्न. एकोणीस वर्षं थांबलो, आणखी दोन आठवडे थांबू.

अडचण होती हेस्टरची. तिच्या फ्रीझरमधलं एकही पुडकं तिच्या नजरेतून सुटत नसे. यावर विल्फने अशी शक्कल लढवली की तो स्वतःवरच खूश झाला. माशाला वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: लांबकान्या.

बिळं करणाऱ्या, लांब कानांच्या त्या प्राण्याचं खरं नाव पोर्टलंडात कुणी तोंडातून काढत नाही; तो घरात आणला तर घरचं माणूस जातं, असं मानतात. तो खाणीच्या कडा पोखरतो, दगड कोसळतात, माणसं जातात. हेस्टरचा बाप खाणीत, आजा खाणीत. ती त्या पुडक्याला बोटसुद्धा लावणार नाही, याची विल्फला खात्री होती. त्याने ते मटारच्या पिशव्यांखाली तळाशी दडपलं.

दोन आठवडे झाले. रूबेनने मटणाचा रस्सा मागितला. तिसऱ्या आठवड्यात तो उशीला टेकून बसला. विल्फ रोज सकाळी कामावर जाण्याआधी दारात हजर.

"कसा आहे?"

"आज बरा आहे," नर्स सांगायची, आणि विल्फचा चेहरा पडायचा. मग चेहरा पडल्याची त्याची त्यालाच लाज वाटायची आणि तो आणखी अर्धा तास बसायचा.

"सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतो बिचारा," शेजारणी म्हणू लागल्या. पाद्रीबुवांनी प्रवचनात नाव न घेता त्याचा दाखला दिला. हेस्टर लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या ताटात मोठा तुकडा वाढायला लागली, आणि विल्फ तो हळूच परत पातेल्यात टाकायला लागला.

डिसेंबर उजाडला. एका दुपारी रूबेनने त्याचा हात धरला. त्या हातात आता फक्त हाडं होती.

"काय मेहुण्या, लागला का यंदा एखादा?"

"छे. पाणी लवकर गारठलं."

"लागायला हवा होता रे. मी चिडवायचो, ते तू येत राहावंस म्हणून. माझं नाव कुणी खाली ढकलायचंच असेल तर तूच ढकल. बघून गेलो असतो म्हणजे झालं."

विल्फ उठला. "थांब," तो म्हणाला. "दहा मिनिटं थांब. तुला काहीतरी दाखवतो." आणि साठीचा तो माणूस भर रस्त्यातून धावत घरी गेला.

स्वयंपाकघरात हेस्टर उभी होती. फ्रीझर रिकामा, बाहेर भांड्यात बर्फ वितळत असलेला. भावाला आवडतात म्हणून ती मटारची तळाची शेवटची पिशवी शोधत होती. तिच्या हातात कोळशाचा चिमटा आणि चिमट्यात पुडकं.

"हे काय आहे?"

विल्फने तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. तिने चिमटा खाली न ठेवताच तो घेतला. ऐकलं. ठेवला.

"गेला," ती म्हणाली. मग पुडक्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "किती दिवस आहे हे माझ्या घरात?"

"सप्टेंबरपासून."

"म्हणजे त्याने अंथरूण धरलं तेव्हापासून."

उत्तरं दोनच होती. एक, की लांबकान्या घरात आणून त्याने तिचा भाऊ मारला. दुसरं, की आत मासा आहे आणि तो रोज सकाळी तिचा भाऊ कधी मरतो ते बघायला जात होता. विल्फने बराच विचार केला आणि तिला पहिलंच खरं मानू दिलं. हेस्टर चिमटा लांब धरून कड्यापर्यंत चालत गेली आणि पुडकं समुद्रात फेकून आली.

दफनानंतर चहाच्या वेळी क्लबचा सचिव एझ्रा उभा राहिला. "कमिटीने ठरवलंय. रूबेनचा आकडा आता कायमचा. यापुढे तो कुणी मोडायचा नाही. थडग्यावर तसं लिहायचं, आणि कोरायला आपला विल्फ आहेच."

सगळ्यांनी विल्फच्या पाठीवर थोपटलं. हेस्टरने थोपटलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो छिन्नी घेऊन दगडासमोर बसला. चार पौंड एक औंस. कधीही न मोडलेला. हेस्टर मागे शाल लपेटून उभी होती, दफनापासून त्याच्याशी एक अक्षर न बोललेली.

"खोल कोर," ती म्हणाली. "तेवढं तरी कर त्याच्यासाठी."

विल्फने खोल कोरलं.