वाकड्या मुळाची सोबत

दुसऱ्याचे दात तपासण्याचा अधिकार ज्याला मिळतो, त्याचे स्वतःचे दात उत्तमच असतात. (ते तपासायला कोणी येत नाही, हेही एक कारण.)

दहावीतली स्वरदा पिपलानीतल्या आपल्या शाळेत दंतस्वच्छता समितीची अध्यक्ष होती. सहा महिन्यांत तिने दोनशे चौदा चिमुकले जबडे उघडवले, एकोणतीस जणांना रडवलं आणि त्या श्रमांपोटी रोज चार टॉफ्या खाल्ल्या. मग दाढ ठणकली. नियम चार : कीड लागलेल्या सदस्याचा बिल्ला जमा. नियम तिनेच लिहिला होता, लाल शाईने, खाली दोन रेघा मारून.

पिपलानीतले दंतवैद्य तिला ओळखत. म्हणून ती आईला घेऊन सिटी बसने थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिसरोदला गेली.

"आई, पेशंट तू आहेस. जरा गाल धर ना."

"माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. मी का धरू?"

डॉक्टर रेवतींनी स्वरदाच्या दाढेचा एक्स-रे दाखवला. "मूळ टोकाला वाकडं आहे. सरळ फाइल, म्हणजे आतून साफ करायची सुई, जोरात घातली तर मुळाच्या भिंतीला भोक पडेल. बारीक, लवचिक फाइलने वळणावळणानं जायचं. मग टोकापर्यंत असं सील करायचं, की काही झिरपायला नको."

स्वरदाला हे फार पटलं. (सरळ गेलं की भोक पडतं, एवढंच तिने लक्षात ठेवलं.)

मुळातल्या नळीला आकार देऊन झाला. अर्धं तोंड बधिर, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, अशा अध्यक्षीय थाटात ती बाहेर आली, तर समोर समितीच्या मार्गदर्शक शकुंतला मॅडम. एक गाल पुरीसारखा टम्म.

"तू इथे कशी?"

"आईसोबत, मॅम."

"अच्छा. मी बहिणीसोबत."

बहीण कुठे दिसत नव्हती. पीटीचे गिरीश सर शेजाऱ्यासोबत आले होते. शेजारीही दिसत नव्हता. स्वरदा धरून पिपलानीचे एकूण सात जण होते, सातही सोबतीला. पेशंट म्हणावी अशी एकटी आई, आणि तिला काहीच झालं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरांनी दारातून डोकावून सांगितलं, "स्वरदा, गुरुवारी ये. तुझी दाढ सील करू."

स्वरदाचा हात बिल्ल्यावर गेला.

"नियम चार," मॅडम सुजल्या गालातून सावकाश म्हणाल्या, "थोडा लवचिक करावा लागेल."

'सोबत गेलेल्यांस लागू नाही' ही दुरुस्ती तिथेच, सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. (आईने मत दिलं नाही. ती हसत होती.)

आपणही हे ओळखीच्या कुणासाठी तरी वाचत आहात, याची समितीला पूर्ण कल्पना आहे. जीभ तेवढी त्या मागच्या दाढेवरून काढावी.