शेबाच्या अर्जातील त्रुटी

कोल्हापूर जिल्ह्यातील ज्यू समाजात तरुणांचे प्रमाण चिंताजनक रीतीने घटले आहे, ही बाब समाजाच्या कार्यकारी समितीच्या निदर्शनास आली, तेव्हा समाजात तरुण व्यक्ती एकच उरली होती आणि ती बैठकीत चहा देत होती. तिचं नाव शेबा, वय सव्वीस. समितीचे सचिव सॉलोमन वाकरुळकर यांची ती मुलगी. पण हजेरीपटावर नाव नसल्यामुळे तिला कुणी मोजलं नाही.

समाज म्हणजे पाच घरं. तीन कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, एक कुरुंदवाडला आणि एक पार चंदगडला, जिथून पावसाळ्यात एसटी सुटली तरी पोचेलच असं नाही. स्वतंत्र प्रार्थनालय नव्हतं. शनिवारी सगळे वाकरुळकरांच्या बाहेरच्या खोलीत जमायचे. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि समाजात होते सात. समितीच्या बैठकीला मात्र पाच पुरत. त्यामुळे प्रार्थना दर आठवड्याला अडायची आणि समिती आजवर एकदाही अडली नव्हती.

वाकरुळकर सरकारी खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक कागद हरवला नाही की एक नातेवाईक पुढे सरकला नाही. सख्ख्या मेव्हण्याची फाइल त्यांनी अकरा महिने अडवून धरली होती, तीही नियमाप्रमाणे. मेव्हणा अजून बोलत नाही आणि वाकरुळकरांना त्याचा अजून अभिमान आहे. बायको गेल्याला सहा वर्षं झाली. घरात बाप-लेक दोघंच. आणि आता शेबाला पुण्याच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी चालून आली होती. होय की नाही ते पुढच्या महिन्याच्या अखेरीस कळवायचं होतं.

"बाबा, इथं माझ्या वयाचं कोण हाय सांगा," ती म्हणाली. "शनवारी मी सोडून सगळ्यांच्या तोंडात कवळी. चार पोरं-पोरी येत असती तर मी कशाला गेले असते? इथली नोकरी काय वाईट न्हाई."

ही गेली तर या घरात आपण आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढंच उरणार, हे वाकरुळकरांना लख्ख दिसलं. लेक जाऊ नये म्हणून बापानं जे करायला हवं ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी केलं. त्यांनी योजना मांडली.

'ज्यू युवा स्वागत व सामावून घेणे योजना' असं तिचं नाव. युवक कुणाला म्हणावं यावर तीन बैठका झाल्या. अध्यक्ष हायम रोहेकर यांचं वय एक्क्याऐंशी. कमाल मर्यादा पासष्ट ठेवली तर सुरुवातीलाच चार युवक हाताशी लागतात, असं त्यांचं म्हणणं. अखेर अठरा ते पस्तीस ठरलं. मग स्वागत उपसमिती झाली, तिच्यावर देखरेख समिती झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला किमान दोन पदं आल्यावर सगळ्यांच्याच अंगात वारं शिरलं. दारावर पाटी लागली, 'युवकांचे हार्दिक स्वागत. परवानगीशिवाय आत येऊ नये.' या सगळ्याचं इतिवृत्त शेबा टाईप करत होती. "युवक फिरकत नाहीत ही खेदाची बाब आहे," असं रोहेकर सांगत आणि ती ते उतरवून घेई. मध्येच उठून रिकामे कप गोळा करी.

शेजारच्या बसवेशचं भांड्यांचं दुकान. एका रविवारी तो कुकरचं झाकण दुरुस्त करून द्यायला आला आणि पाटीपाशी थांबला.

"काका, ही पाटी कुणासाठी म्हणायची?"

"समाजातल्या तरुणांसाठी. ते पुढं येत न्हाईत."

"मग शेबा काय म्हातारी झाली व्हय? घरात पोरगी हाय की. तिला इचारा पयला, बाई तुला काय पायजे म्हणून."

वाकरुळकर चपापले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे त्यांना तिथल्या तिथं पटलं. बसवेशचे त्यांनी मनापासून आभार मानले आणि आत जाऊन शेबाला अर्ज करायला सांगितलं.

विहित नमुना क्रमांक तीन चार पानी होता. वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, दोन छायाचित्रं आणि 'आपले स्वागत झाल्यास आपणास आनंद होईल काय? होय असल्यास किती?' हा रकाना. शेबा आधी हसली. मग बापाच्या तोंडाकडे बघून तिनं पेन उचललं. आनंदाच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'कुणी बोलायला असेल तर पुष्कळ.'

अर्ज छाननीला वाकरुळकरांकडेच आला. नात्यातला अर्ज, म्हणून त्यांनी तो जास्तच कसून तपासला. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"दोन विद्यमान युवा सदस्यांची शिफारस जोडलेली न्हाई."

"विद्यमान सदस्य हायतच कुठं, बाबा?"

"न्हाईत. म्हणून तर त्रुटी निघाली."

"मग पहिल्या माणसानं आत यायचं कसं?"

"हा धोरणाचा प्रश्न हाय. पाच तारखेच्या बैठकीत ठेवतो."

"मला तीस तारखेला कळवायचंय."

पेन वाकरुळकरांच्या खिशातच होतं. एक सही, आणि बहुधा लेक राहिली असती. हात खिशापर्यंत गेलाही होता. पण उद्या रोहेकर म्हणतील, पोरगी म्हणून घेतली. चौतीस वर्षांचं नाव एका सहीनं कसं घालवायचं?

अर्ज परत पाठवल्याचं पत्र नेहमीप्रमाणे शेबानंच टाईप केलं. 'आपला अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत करण्यात येत आहे.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. वाकरुळकरांनी सही करून, जावक क्रमांक टाकून पत्र टपालात घातलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमननं ते त्याच घराच्या दारात आणून शेबाच्या हातात दिलं. तोवर तिनं पुण्याला होकार कळवला होता. स्टँडवर बस वळून दिसेनाशी झाली तेव्हा वाकरुळकर लोकांदेखत रडले.

तीन महिन्यांनी न राहवून ते पुण्याला गेले. शुक्रवारी संध्याकाळी पोचले आणि शनिवारी लेकीबरोबर तिथल्या प्रार्थनेला. तिथं कुणी त्यांना नाव विचारलं नाही. "या काका, बसा," म्हणत एक पोरगा सरकला. प्रार्थना झाल्यावर कुणीतरी हातात मलिद्याची ताटली ठेवली. पोहे, गूळ, ओलं खोबरं, अगदी बायको करायची तसा. "जेवूनच जायचं," एवढं एकच बजावण्यात आलं. पलीकडे सात-आठ तरुणांच्या घोळक्यात शेबा बसली होती. ती वाढत नव्हती, खात होती आणि मोठ्यानं हसत होती. तिचं हसणं असं असतं, हे वाकरुळकर विसरूनच गेले होते. त्यांनी मलिदा दोनदा मागून घेतला. इतकं बरं त्यांना कैक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बैठकीत ते अहवाल द्यायला उभे राहिले. जे वाटलं ते सांगून टाकायचं, असं बसमध्ये अगदी ठरवून आले होते. समोर सहा जण कागद सरसावून बसले होते. वाकरुळकरांनी घसा साफ केला.

"पुण्याचं काम ढिसाळ हाय," ते म्हणाले. "नाव न्हाई, गाव न्हाई, नोंद न्हाई. अशानं उद्या कुणीबी येऊन बसंल."

"कुणीबी?" रोहेकरांनी विचारलं.

"कुणीबी."

समितीनं तीव्र चिंता नोंदवली. योजनेला एकमतानं तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. शेबा कशी आहे, हे कुणी विचारलं नाही, कारण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. खबरदारी म्हणून नमुना क्रमांक तीनमध्ये एक रकाना तेवढा वाढवण्यात आला, 'आपण मूळचे कुठले आणि इथे कसे?'

वाचकहो, तुम्ही वाकरुळकरांना हसलात, ते ठीकच. पण पहिली ओळ वाचताच 'कोल्हापुरात ज्यू? हे इथं कुठनं आले?' असं तुमच्याही मनात आलं होतं. वाकरुळकरांनी तो रकाना निदान छापून तरी घेतला.