नायकाचा डावा हात

गेम दाखवला की सेरवाचे आमोआको मामा खिशात, याबद्दल बाडूच्या मनात तीळभर शंका नव्हती! कुमासीत सेरवाला मागणी घालायची म्हणजे तिच्या वडिलांचं नुसतं 'हो' पुरत नाही, तिच्या मामांनी जिनची बाटली स्वीकारायला हवी. बाडूचे मामा डोंकोर ती बाटली पुढे धरून केव्हाचे उभे होते आणि आमोआको मामा बाटलीकडे ढुंकूनही बघत नव्हते.

"मुलगा करतो काय?"

"गेम," डोंकोर मामा म्हणाले.

"खेळतो?"

"बनवतो, मामा!" सेरवा मध्येच म्हणाली. "त्यातले गावचे वडीलधारे म्हणजे हुबेहूब तुम्हीच!"

मामा सावरून बसले. बाडूनं अदबीनं फोन पुढे केला, अर्थात उजव्या हातानं. मस्का लावायचाच तर भरपूर लावावा म्हणून त्यानं गेममधल्या त्या वडीलधाऱ्या म्हाताऱ्याला मामांचं टक्कल, मामांचं पोट, मामांच्या चपलाही दिल्या होत्या. नायक तो स्वतः. गावकऱ्यांनाही त्यानं रीतभात शिकवली होती. कुणी डाव्या हातानं देवघेव केली की त्याला हाकलायचं आणि दारं लावून घ्यायची. या कल्पनेवर तो भलताच खूश होता.

पडद्यावर नायक ऐटीत आला, डावीकडे वळला आणि ताडीनं भरलेला पोकळ भोपळा म्हाताऱ्यापुढे धरला. डाव्या हातानं! लगेच गाव काठ्या घेऊन धावलं.

"मला डावा हात?" मामा गरजले.

"मामा, उजवीकडे चालणारा माणूस एकदाच काढतात. वळला की तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं करायचं. मेहनत वाचते. हातही उलटतो, हे माझ्या लक्षातच..."

"मेहनत वाचवायला तू माझा अपमान केलास?"

"थांबा, थांबा! त्याला पलीकडून आणतो!"

या वेळी भोपळा उजव्या हातात होता. बाडूनं सुटकेचा श्वास सोडला. पण भोपळा घ्यायला आता म्हातारा वळला, त्याचं चित्र उलटलं आणि त्यानं तो डाव्या हातानं घेतला. गाव पुन्हा धावलं आणि टक्कल, पोट, चपलांसकट म्हाताऱ्याला वेशीबाहेर काढलं.

"अरे, मला का हाकलताहेत? मी तर नुसतं घेतलं!"

"गावाला कारण कळत नाही, मामा. फक्त हात दिसतो."

मामांनी फोन स्वतःकडे ओढला.

"मी तरी आजवर कुणाला कारण विचारलंय?" ते पुटपुटले. मग फोन मांडीवर ठेवून स्वतःच बटणं दाबायला लागले. म्हातारा एकेका दारापुढे जाऊन वाकत होता. एकही दार उघडत नव्हतं. आपण बनवलेल्या गावाची बाडूला पहिल्यांदाच लाज वाटली.

"दाबत राहू का रे?"

"माफी मी ठेवलेलीच नाही, मामा."

"मग ठेव! माणसानं जायचं कुठे?"

डोंकोर मामांचे हात आता भरून आले होते. त्यांनी खाकरून बाटली आणखी पुढे केली. आमोआको मामांचा उजवा अंगठा बटणावर, डोळे वेशीबाहेरच्या म्हाताऱ्यावर. नजर न उचलता त्यांनी हात लांबवला आणि बाटली घेतली. डाव्या हातानं!

मामांनी वर पाहिलं. सगळ्यांचे डोळे त्यांच्या हातावर खिळले होते. बाटली मात्र त्यांनी सोडली नाही.

"दारं लावू नका रे," ते हळूच म्हणाले. "मी इथेच राहतो."