डोळ्यांची तालीम

मुदतीच्या तापातून उठल्यापासून वाटूरच्या धर्मराजला जवळच्या वस्तू दोन-दोन दिसू लागल्या. कालवणाच्या दोन वाट्या दिसत, तो नेमकी नसलेल्या वाटीत भाकरी बुडवी आणि कोरडीच खाई. शेवटी तो जालन्याच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी त्याला प्रेमलाबाईंकडे पाठवलं. या बाई औषध देत नसत, चष्माही देत नसत. दोन्ही डोळ्यांना एकत्र वळायला शिकवत. असलं काम करणारं माणूस तिकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"काय औषध दिलं?" घरी बायकोनं, चतुराबाईनं, विचारलं.

"औषध न्हाई. तालीम घेतात."

"कुस्तीची?"

"डोळ्यांची. दर मंगळवारी बाईंसमोर बसायचं अन् बघत राह्यचं."

"कोन बाई?"

"प्रेमलाबाई. लई मायाळू हायत."

हे शेवटचं वाक्य त्यानं उगाच जोडलं.

पुढच्या मंगळवारी चतुराबाई त्याच्या मागच्या मोटारीनं जालन्याला पोचली. दाराआडून आवाज येत होता.

"जवळ येऊ द्या. अजून जवळ. झाले का दोन्ही एक?"

"होत आले, बाई."

चतुराबाईनं दार ढकललं. धर्मराज नाकासमोर धरलेल्या पेन्सिलीच्या टोकाकडं बघत होता.

"तू कधी आलीस?" तो गोंधळून म्हणाला.

प्रेमलाबाईंनी सगळं समजावलं आणि पेन्सिल चतुराबाईच्याच हाती दिली. "ही तालीम घरी रोज तुम्ही घ्यायची. मला तेवढीच मदत."

चतुराबाईनं तालीम अशी घेतली, की महिन्यात धर्मराजची भाकरी कालवणात पडू लागली.

शेवटचं दाखवायला दोघं दवाखान्यात आले, त्याच दिवशी तेव्हाच्या राजधानीहून, हैदराबादेहून, मोठे साहेब तपासणीला आले होते. "दवा नाही, ऑपरेशन नाही. मग ही जागा ठेवायची कशाला?"

"साहेब, या नसतील तर असे पेशंट मी पाठवू कुठं?" डॉक्टर म्हणाले.

साहेबांना पटेना. त्यांनी चतुराबाईला विचारलं, "तुम्हाला काय फायदा झाला?"

"झाला की. आधी ह्यांना दोन बायका दिसायच्या. आता एकच दिसती."

साहेबांनी कागद पुढं ओढला. मग त्यांनी जागा कायम केली.

पुढच्या मंगळवारी वाटूरच्या सात-आठ बाया आपापले नवरे घेऊन दारात उभ्या राहिल्या. प्रेमलाबाईंनी एकेकाला तपासलं. कुणाच्याच डोळ्यांत काही निघालं नाही.

"यांच्या नजरेत दोष नाही," बाई सगळ्यांत पुढं उभ्या असलेल्या द्वारकाबाईला म्हणाल्या.

द्वारकाबाईनं नवऱ्याकडं एकदा बघून घेतलं. "दोष न्हाई ते बराबर हाय. पर तालीम घ्याच."