देवांचं बिऱ्हाड डोंबिवलीला

"देव गुरुवारी डोंबिवलीला गेलेच पाहिजेत," आई म्हणाली आणि तिने ताम्हन पालथं घातलं. टेंब्यांच्या घरात ताम्हन पालथं पडलं की त्या विषयावरचं बोलणं संपलं, असं सगळे समजत.

हरिहरराव टेंबे दाढी करता करता थांबले. अर्ध्या गालावर साबण तसाच राहिला.

"अगं, पण घर रिकामं कुठे झालंय? लिमये अजून सहकुटुंब तिथेच आहेत."

"असू देत. गुरुवारनंतर महिना-दीड महिना मुहूर्तच नाही. मग आषाढी एकादशीला देव झोपले की थेट कार्तिकात उठायचे. तोवर नव्या घरात जायचं नाव काढायचं नाही."

"मग काय लिमयांना उचलून बाहेर ठेवू?"

"प्रस्थान ठेवायचं," आई शांतपणे म्हणाली.

प्रस्थान ही जुन्या लोकांनी काढलेली मोठी सोयीची युक्ती. मुहूर्त आज आहे आणि निघणं आज जमत नाही, तर तांदूळ, सुपारी, हळकुंड एका फडक्यात बांधून वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. एकच अट, उंबऱ्याबाहेर पडलेलं प्रस्थान परत घरी आणायचं नाही.

हरिहरराव मुंबईला कचेरीत कारकून. ठाण्याला तलावपाळीजवळ काळुराम पाटलांच्या दोन खोल्यांत आई, बायको शुभदा आणि तीन मुलं घेऊन राहत. दोन खोल्यांत सहा माणसं म्हणजे एकाने कूस बदलली की पाचजणांना सरकावं लागे. आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या मालकीच्या घरात हातपाय पसरून झोपावं, या एका इच्छेपायी त्यांनी डोंबिवलीला गुरुदत्त लिमयांचं कौलारू घर घेतलं होतं. ओसरी, तीन खोल्या, मागे विहीर. खरेदीखत झालं होतं. लिमये कल्याणला मोठ्या घरात जाणार होते आणि तिथली मंडळी हलली की लगेच हे घर सोडणार होते. "आठ दिवस धरा फार तर," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

आईचं प्रस्थान फडक्यात मावणारं नव्हतं. गुरुवारी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, शंख, घंटा, सहाण असा सगळा देव्हारा डोंबिवलीला गेला. लिमयांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी हसतमुखाने आपल्या देवांशेजारी पाट मांडून दिला. हरिहरराव आईला घेऊन मोकळ्या मनाने परतले.

शुक्रवारी सकाळी आई चहाला शिवेना.

"देव तिकडे, मी इकडे. पूजेवाचून तोंडात पाणी तरी घालू का?"

"लिमयेबाई करतील की पूजा."

"त्या शाळिग्रामावर कोमट पाणी घालतात. मी डोळ्यांनी पाहिलं काल."

आई सकाळच्या गाडीने डोंबिवलीला गेली. संध्याकाळी परत आली. शनिवारी पुन्हा गेली आणि परत आली नाही. लिमयांच्या ओळखीच्या एका गृहस्थांबरोबर निरोप तेवढा आला, 'दोन लुगडी आणि माझी उशी पाठव.'

इकडे रविवारी घरमालक काळुराम दारात उभे. हातात लाल कपड्यात बांधलेलं एक गाठोडं.

"टेंबेसाहेब, तुमच्या जागी नवीन भाडोत्री येतायत ना, त्यांचं हे प्रस्थान का काय ते. त्या कोपऱ्यात ठेवतो हां."

"अहो, तिथे मी झोपतो!"

"मग आता पाय दुसरीकडे करून झोपा. देवीचा टाक आहे आत, कडक आहे म्हणतात. चपला नको, कांदा नको, आवाज चढवायचा नाही आणि दोन टाइम उदबत्ती."

"आणि ते स्वतः कधी येणार?"

"तुम्ही हललात की लगेच!"

हरिहरराव त्या रात्रीपासून दाराशी झोपू लागले. कोपऱ्यात परक्याची देवी ऐसपैस आणि भाडं भरणारा माणूस उंबऱ्याला डोकं लावून. मुलं भांडू लागली की शुभदा ओठांवर बोट ठेवून कोपऱ्याकडे पाही. कांद्याची भजी बंद झाली. एके दिवशी हरिहरराव भिजून घरी आले, छत्री कुठे टांगावी हे कळेना, म्हणून कोपऱ्यातल्या खुंटीला टांगली. खाली गाठोड्यावर दोन थेंब पडले. तेवढ्यात नेमके काळुराम डोकावले आणि कपाळाला हात लावून निघून गेले.

आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचा महिना होत आला. दर रविवारी हरिहरराव डोंबिवलीला जात. आपण विकत घेतलेल्या ओसरीवर पाहुण्यासारखे बसत. लिमये आतून विचारत, "चहा टाकायचा का टेंबे? संकोच करू नका, घर आपलंच समजा!" आत आई आणि लिमयांच्या मातोश्री यांचा सोंगट्यांचा डाव रंगलेला असे. दोघींचं असं मेतकूट जमलं होतं की एकीचं वाक्य दुसरी पुरं करी.

"काय रे हरी, सारखा सारखा येतोस लोकांकडे?" आई एकदा म्हणाली. "त्यांना किती त्रास!"

हरिहररावांची सहनशक्ती तिथे संपली. ते ताडकन उठून लिमयांपुढे उभे राहिले.

"लिमये, पुरे झालं! माझे देव तुमच्याकडे, आई तुमच्याकडे. आता फक्त मीच भाड्याच्या घरात उरलोय. कधी सोडताय घर?"

"अहो, मला का हौस आहे?" लिमयेही वैतागले. "आमचंही प्रस्थान कल्याणला जाऊन बसलंय, विश्राम कर्णिकांकडे. दोनदा जाऊन आलेलो मी. तो माणूस हलतच नाही!"

"चला, आत्ता जाऊ. दोघं मिळून हलवू त्याला."

दोघे तडक कल्याणला गेले, टांगा करून कर्णिकांच्या दारात उतरले. विश्राम कर्णिक गळ्याला मफलर गुंडाळून झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी दोघांनाही प्रेमाने बसवलं, चहा मागवला आणि कुणी काही विचारण्याआधीच बोलायला सुरुवात केली.

"लिमये, तुमच्याकडे तोंड दाखवायची लाज वाटते मला. पण करू काय? मी घेतलीय ठाण्याला जागा, तलावपाळीवर. मुंबईला जायला बरी पडते. तिथला जुना भाडोत्री सोडतच नाही! महिना झाला, आमची देवी जाऊन बसलीय त्याच्याकडे."

हरिहररावांचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

"कोण आहे कोण हा माणूस?" लिमये तावातावाने म्हणाले.

"मी पाहिलेला नाही. पण घरमालक सांगत होता, महा चिवट आहे. अहो, देवीच्या डोक्यावर ओली छत्री टांगतो! अशा माणसाला काय म्हणावं?"

"अरेरे!" लिमये म्हणाले. "ऐकलंत का टेंबे?"

"असतात काही लोक," हरिहरराव कपात बघत पुटपुटले.

"टेंबे?" कर्णिकांनी झोपाळा पाय टेकून थांबवला. "तो भाडोत्रीही टेंबेच. तुमच्या नात्यातला का हो?"

लिमयांनी हरिहररावांकडे पाहिलं. हरिहररावांनी खिडकीकडे पाहिलं. "तलावपाळी... काळुराम पाटील..." असं म्हणता म्हणता लिमयांचे डोळे मोठे होत गेले.

"म्हणजे टेंबे, महिनाभर मी तुमच्यामुळे अडकलोय?"

"तुमच्यामुळे मी, यांच्यामुळे तुम्ही आणि माझ्यामुळे हे!" हरिहरराव ओरडले. "आणि छत्री देवीवर नव्हती, बाजूच्या खुंटीला होती!"

मग तिघांनी ठरवलं की एकादशीच्या आदल्या दिवशी तिघांनीही एकाच वेळी लॉऱ्या भरायच्या आणि एकाच वेळी निघायचं. तीन शहाण्या माणसांना यात काही अडचण दिसली नाही.

अडचण डोंबिवलीला लिमयांच्या मातोश्रींना दिसली.

"घर ओसाड टाकून निघायचं? अशुभ! येणाऱ्याच्या हाती दिवा द्यावा, मगच उंबरा ओलांडावा."

"अहो काकू, येणारा मी! पण मी ठाणं कसं सोडू? तिथे कर्णिक पोचायला हवेत."

"मग पोचू द्या त्यांना."

"त्यांना कल्याणला तुम्ही पोचायला हव्यात!"

"मी कशी पोचेन? तुम्ही आला नाहीत ना अजून."

हरिहररावांनी ओसरीच्या खांबावर डोकं टेकलं. आपणच जाऊन एकेक करून तिन्ही घरांना आग लावावी, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तेव्हा सोंगट्या आवरत आई म्हणाली, "घर ओसाड कसं पडेल गं? इथे माझे देव आहेत. ठाण्याला कर्णिकांची देवी आहे. तुमचं प्रस्थान कल्याणला आहे. येणारा प्रत्येक घरात आधीच आलेला आहे. दिवा देवांपुढे लावा आणि निघा."

मातोश्री विचार करून म्हणाल्या, "बाई, हे मला सुचलं नाही." हरिहररावांना आईचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी हेही वाटलं, की हे महिन्यापूर्वी का नाही सांगितलं?

ठरल्या दिवशी सकाळी ठाण्याला लॉरी भरली. शुभदाने देवीपुढे दिवा लावला, कोपऱ्याला नमस्कार केला आणि उंबरा ओलांडल्या ओलांडल्या मुलांना म्हणाली, "आता ओरडा काय ते." मुलं मुंब्र्यापर्यंत ओरडत होती. वाटेत चिखलात चाक रुतलं, बाजल्याचा पाय मोडला, लोणच्याची बरणी हरिहररावांच्या मांडीवर लवंडली. दुपार कलताना लॉरी डोंबिवलीच्या घरापुढे उभी राहिली.

घर रिकामं होतं. अगदी रिकामं. देवघरात समई तेवत होती आणि समईपुढे काहीच नव्हतं. बाळकृष्ण नाही, अन्नपूर्णा नाही, आईही नाही.

समोरच्या घरातली सगुणा मासळीची पाटी खाली ठेवून म्हणाली, "आजी गेल्या की कल्याणला! त्या दुसऱ्या आजी रडायला लागल्या, तशा ह्या पण लॉरीत चढल्या. देव मांडीवर घेतले. बोलल्या, पोचवून संध्याकाळला येते."

संध्याकाळी पावसाची झड लागली. आई आली नाही. सकाळी उजाडली ती एकादशी. हरिहरराव उपाशीपोटीच कल्याणला धावले. आई लिमयांच्या नव्या माजघरात देव मांडून, कपाळाला गंध लावून प्रसन्न बसली होती.

"आई, चल! टांगा उभा आहे."

"कशी येऊ? आज एकादशी. देव झोपले."

"झोपू देत! झोपलेले घेऊन चल!"

"शुभ बोल, हरी. झोपल्या देवांचं बिऱ्हाड हलवतात का कुणी? आणि त्यांना सोडून मी कशी येणार? कार्तिकात बघू. माझी लुगडी तेवढी पाठव."

मंदाकिनीबाई चहा घेऊन आल्या. त्यांचा चेहरा मात्र महिन्यापूर्वीइतका हसतमुख नव्हता.

हरिहरराव संतापाने लाल होऊन डोंबिवलीला परतले. ओसरीच्या पायरीवर शुभदा पाय लांब करून बसली होती. सासरी आल्यापासून तिला असं बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. आत सामान तसंच पडलं होतं आणि तिची काही घाई दिसत नव्हती.

"ऐकलंस का?" हरिहररावांनी टोपी आपटली. "आई कार्तिकापर्यंत येत नाही म्हणते! एवढा आटापिटा केला तो कशासाठी? उद्या पुन्हा जातो, भटजींना घेऊनच जातो, काहीतरी शास्त्र निघेलच की!"

शुभदा सावकाश सरकली आणि तिने शेजारची पायरी हाताने झटकली.

"बसा हो इथे," ती म्हणाली. "दमलेत बिचारे देव. कशाला उगीच त्यांची झोपमोड करता?"