सारंगरावांच्या रूपाची आणि फुटल्या बांधाची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवोन, जे डोळां देखिले तेच लिहितो. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी एका राज्यात सारंगराव निंबदेवकर म्हणोन सरदार होते. रूप राजबिंडे, आवाज भरदार, घोड्यावर बैसले म्हणजे बाजार थांबोन पाहे. इतक्यावरून दरबाराने निश्चय केला की यांसी सर्व काही कळते; आणि मग हत्ती आजारी पडला तरी त्यांसी पुसावे, सोयरीक जुळवणे जाहले तरी त्यांसीच पुसावे, ऐसे चालले. आम्ही दरबारचे कारकून, लिहून लिहून कंटाळलो.

शहराचे वर मोठा तलाव, त्याचा बांध रखमाजी पाथरवट राखीत असे. तीस वर्षे तेथे राबला. परंतु तोंडावर देवीचे व्रण, एक डोळा तिरळा, आणि बोलता अडखळे. तो दरबारी आला आणि म्हणाला, "म... महाराज, पायथ्याशी पाणी झिरपते ते काल निवळ होते, आज गढूळ आहे. आतली माती वाहते. खालची पेठ आजच उठवावी." दिवाणजी हसले. म्हणाले, "यास धड बोलता येईना, बांधाचे काय कळणार?" मग महाराजांनी सारंगरावांसी पुसिले. ते प्रामाणिक गृहस्थ, म्हणाले, "महाराज, मी शिपाईगडी. बांधातले मला काडीचे कळत नाही." झाले! अवघा दरबार सद्गदित जाहला. "केवढा हा विनय!" आणि त्यांसीच पाहणीस पाठविले, टिपण घेण्यास आम्हांस बरोबर दिले.

सारंगराव बांधावर गेले, रखमाजीने ते पाणी त्यांचे ओंजळीत घातले, आणि तळहातावर माती राहिलेली पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "किती वेळ आहे, रखमाजी?" "सां... सांजेपर्यंत टिकणार नाही, सरकार." "मग पेठेत का सांगत नाहीस?" "सकाळपासून दारोदार फिरलो. मला पाहोन दारे लावतात." तेव्हा सारंगरावांनी त्यास आपले घोड्यावर मागे घेतले, आणि पेठेत जाऊन, रखमाजी कानात जे सांगे तेच मोठ्याने बोलत गेले. शब्द तेच! दोन घटकांत पेठ रिकामी जाहली. म्हाताऱ्या, लेकरे, गुरे टेकडीवर चढली. आणि मग बांध फुटला, पेठेत भिंत उरली नाही, जीव मात्र एकही गेला नाही.

दुसरे दिवशी दरबार भरला. सारंगरावांसी मानाचा शेला दिला, आणि रखमाजीस बांध राखता आला नाही म्हणोन चाकरीवरून दूर केले. सारंगराव संतापोन उठले. "महाराज, त्यात एक शब्द माझा नव्हता! सारे ज्ञान याचे!" ऐसे म्हणोन शेला काढोन रखमाजीचे खांद्यावर घातला. दिवाणजींनी डोळे टिपिले. "पाहा, श्रेयसुद्धा वाटोन देतात!" आम्ही लेखणी आपटली, ती मोडली, आणि त्याबद्दल आम्हांस तंबी मिळाली.

सारांश इतकाच. रखमाजी शेला तेथेच ठेवोन, बायको आणि हत्यारे घेऊन राज्य सोडोन गेला. नवा बांध बांधणे सारंगरावांसी सांगितले आहे. ते रोज नकार देतात आणि रोज त्यांची तारीफ होते. नऊ महिने लोटले, पावसाचे मृग नक्षत्र आठ दिवसांवर आले, अद्याप एक दगड बसला नाही.